टिंब

विभागाच्या कपाटात हा ठसा चाळीस वर्षं
गुंडाळून पडला होता.
ओला कागद दगडावर ब्रशने ठोकठोकून
सबनीस सरांनी उचललेली त्याची कातडी.
दगड अनातोलियातला. आता धरणाखाली आहे, म्हणतात.
म्हणजे उरलं ते इथे, फत्तेगंजात,
माझ्या जेवणाच्या टेबलावर.
लोणच्याची बरणी सरकवून मी टॉर्च आडवा धरते
आणि अक्षरं आपापल्या सावल्यांवर उभी राहतात.

पाथरवटाला शुद्धलेखन येत नव्हतं.
ऐकू आलं तसं कोरलं त्याने, साधं ‘आणि’सुद्धा चुकलंय.
पहिल्या ओळीत ‘पवित्र’, तेही अर्धंच;
पवित्र कोण, की काय, ते तुटक्या कडेपलीकडे.
दुसऱ्या ओळीत
मार्
आणि पुढे एक उभी रेघ.

सर पेन्सिलीने लिहून गेलेत: मार्तिर. हुतात्मा!
उद्गारचिन्हासकट.
सर, रेघ मारियाची असू शकते. मार्कोसची.
संगमरवर घडवणाऱ्याला ग्रीकमध्ये जो लांबलचक शब्द आहे
त्याचीही. कुणी कारागीर, मेल्यावर धंद्यासकट कोरलेला.
आणि मार्तिर म्हणजे तरी मुळात काय,
साक्षीदार. कुठल्याशा बांधाच्या भांडणात
गावासमोर उभा राहिलेला.
मार्था मात्र नाही. तिच्यातला थीटा गोल असतो.

रेघेनंतर दगड फुटलेला नाही.
झिजलाय, बशीसारखा.
बोटांनी झिजला असेल तर संत.
पायांनी झिजला असेल
तर कुणीतरी नंतर उंबऱ्याला बसवला.
बोट आणि पाऊल यांतला फरक
कागदाला कळत नाही.

माझी आत्या मार्थाबाई ओहोळ
मिशनच्या दवाखान्यात सुईण होती.
कबरीचा दगड मगन सलाटाने केला.
त्याला मराठी लिहिता येत नव्हतं,
चिठ्ठीतली अक्षरं त्याने शिरोरेघ न देताच कोरली,
घरच्या अक्षरांसारखी.
वडील चिडले. पैसे दिले.

आमच्यात संत नसतात.
पाळकसाहेब दर वर्षी आठवण करून देतात.
तरी दगडावर मेण असतं, कधी दोरा,
एकदा तर टाचणीसकट नवं झबलं.
कारेलीबागेकडून एक भाजीवाली येते
पोटुशी सून घेऊन. नावावर हात फिरवते,
तोच हात सुनेच्या पोटाला.
अशा किती येऊन गेल्या कोण जाणे.
‘र्था’ गेलाय. उरलंय ते मा.
बोडकं मा, ती गुजरातीत वाचते,
आणि बरोबर वाचते.

भाचा फोनवर म्हणतो, काळ्या ग्रॅनाइटमध्ये नवा करू, मी पाठवतो पैसे.
मी म्हणते बघू.
उद्या हजार वर्षांनी कुणी हा दगड वाचला
तर चौकोनी कंसात ‘ता’ घालून मोकळा होईल.
माता. वर उद्गारचिन्ह.
आणि मी त्याला चूक कुठल्या तोंडाने म्हणू?

आपल्याकडे टिंब अक्षराच्या डोक्यावर देतात,
नाकातून उच्चारायला.
छापील ग्रीकमध्ये ते संशयित अक्षराच्या पायाशी असतं.
दिसतंय असं वाटतं,
शपथ मात्र घेणार नाही,
एवढाच त्याचा अर्थ.
रात्री दीडला मी रेघेखाली टिंब दिलं,
पुढचा कंस रिकामा ठेवला,
सरांचा हुतात्मा तळटीपेत, त्यांच्या नावासह.
वाईट वाटलं. बरणी परत जागेवर ठेवली.

रविवारी कबरस्तानात गेले.
टॉर्च पर्समध्ये होताच.
भर दुपारी आडवा धरून ‘र्था’ शोधला,
माळी बघत राहिला.
मग बोट फिरवलं,
खाच किती उरलीय ते बघायला. तेवढ्यासाठीच.

आता पुराव्यात माझंही बोट आहे.